किटलीतले दाणे
मी आज जो काही आहे तो आमच्या शाळेतल्या गुरुजींमुळे. त्यांच्याच घरी राहून दहावी झालो, आणि तिथला नियम एकच होता, भांड्यात खरकटं ठेवायचं नाही. पुढे ऐंशीच्या दशकात अमेरिकेत शिकायला आलो, तेव्हा श्रूजबरी नावाच्या गावात एका कोरियन विद्यार्थ्याच्या फ्लॅटमध्ये जागा मिळाली. तो कुट्टू नावाच्या धान्याचे भाजलेले दाणे उकळून त्यांचा चहा प्यायचा. करपल्या भाकरीसारखा वास घरभर पसरायचा. एका सकाळी त्याच्या किटलीच्या तळाशी फुगलेले दाणे दिसले. मी ते फेकले आणि किटली लख्ख घासली. तो भडकला. "ते पुन्हा उकळायचे असतात! आईने भाजून पाठवलेले, एवढेच उरले होते." मी माफी मागायची, तर म्हणालो, "जळकं पाणी ते, त्यात काय एवढं?" "आणि तुझी फोडणी? माझ्या उशीलासुद्धा तिचा वास येतो. दुसरी जागा बघ." गुरुजींचा नियम पाळून मी बेघर झालो होतो, आणि राग त्यांचाच येत होता. आजही भाजक्या धान्याच्या वासाने मला माझंच ते वाक्य आधी ऐकू येतं. त्या दुपारी मात्र मी पत्र लिहिलं: "तीर्थस्वरूप गुरुजींस साष्टांग नमस्कार. इथे सगळे फार चांगले आहेत. तुमची शिकवण रोज उपयोगी पडते. फक्त पत्ता बदलतो आहे, नवा कळवीन."