आबांची चकमक आणि गौताळ्यातला पाडवा

गौताळ्याला कसं जायचं, असं विचारणारे बरेच जण भेटतात. मी पहिल्यांदा गेले ते फिरायला नव्हे, सासरी. लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. आमचे हे, म्हणजे सोपानराव, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत टर्नर होते, लेथच्या यंत्रावर लोखंड कातायचे. सासरे मेंढ्या राखायचे आणि दिवाळीच्या सुमाराला त्यांचा कळप कन्नडच्या पुढे, गौताळ्याच्या डोंगराजवळ उतरलेला असायचा. "पाडव्याला आबांकडं जायचंच," यांनी आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं. मी शहरात वाढलेली. मेंढी लांबून पाहिलेली आणि तंबूत कधी झोपलेली नाही! तरी पिशवी भरली.

जायची घाई मला नव्हती, यांना होती. खिशात रुमालात गुंडाळलेली एक वस्तू होती आणि दर थोड्या वेळाने ती चाचपून पाहणं चालू होतं.

आबांच्या घराण्यात पाडव्याला मेंढ्यांच्या वाडग्यापाशी, म्हणजे रात्री त्यांना कोंडतात त्या कुंपणापाशी, दूध उतू घालतात. त्यासाठीची चूल काडीपेटीने पेटवत नाहीत, चकमकीनेच पेटवायची. गारगोटी ओढ्यातली, कापूस सावरीच्या बोंडातला, थोडा जाळून काळा केलेला, आणि ठिणगी पाडायला पोलादाचा एक वाकडा तुकडा. हे सगळं आबांच्या कमरेच्या बटव्यात असायचं. तो तुकडा झिजून, गंजून पार बारीक झाला होता. दसऱ्याला हे गावी गेले तेव्हा म्हणाले, "आबा, नमुन्याला द्या, झकास नवा करून आणतो." आबांनी बटव्यातून काढून दिला.

मग जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात कारागिरी झाली. सोबतीला मिलिंद, यांच्याच खात्यातला. नामांतराच्या दंगलीत त्याच्या मामाचं खेड्यातलं घर जाळलं होतं. आमच्या खोलीवर चहाला आला तेव्हा तो तुकडा हातात फिरवत मला म्हणाला, "वहिनी, दूध तापवायची आग हाय म्हणून हात लावला बघा." तुकडा खरंच देखणा झाला होता, आरशासारखा. त्यावर बारीक अक्षरांत आबांचं नाव कोरलेलं.

निघालो त्या दिवशी क्रांती चौकात विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता. रिक्षा अडली. घोषणा देणाऱ्यांत मिलिंद दिसला. यांना पाहून त्याने गर्दीतूनच ओरडून विचारलं, "दिलं का आबांना?"

"आता चाललोय द्यायला!"

"पेटलं की सांग मला!"

बसस्थानकावर कन्नडची गाडी उभी होती, पण सुटेल याचा भरवसा नव्हता. कंडक्टर बिडी विझवत म्हणाला, "बसा तर खरं. कन्नडपर्यंत नेतो, पुढचं माझ्याच्यानं व्हत नाय." खुलताबादचा चढ चढून, वेरूळला टेकून गाडी कन्नडला पोचली तेव्हा दुपार टळत आली होती. कन्नडला बाजाराच्या दिवशी गेलात तर उभ्याउभ्या गरम भजी आणि मिरचीचा ठेचा जरूर खा. तिथून पुढे तेव्हा जीपच असायची, टपावरसुद्धा माणसं. आता रस्ता बरा झालाय, स्वतःची गाडी असेल तर उत्तम. पाणी मात्र भरून घ्या आणि अभयारण्यात चूल वगैरे पेटवायच्या भानगडीत पडू नका, आता ते चालत नाही.

जीपमधून उतरून पायवाटेने गेलो. गवत पिवळं पडायला लागलं होतं. आधी मेंढ्यांचा वास आला, मग कुत्री आली, मग आत्याबाई, म्हणजे सासूबाई. माझ्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "लई दमलीस व्हय? बस इथं घोंगडीवर." मी चपला काढून टेकले.

दगडांची चूल मांडून तयार होती, बुडाशी शेणकुटं, वर मातीच्या मडक्यात शेळीचं दूध. दिवस मावळायच्या आत ते उतू गेलं पाहिजे, तसं गेलं तरच दुसऱ्या दिवशी कळप पुढच्या रानात न्यायचा, असा नेम. सगळे आमचीच वाट पाहत होते, कारण चकमक आमच्याकडे!

यांनी रुमाल सोडला. आबांनी तो चकचकीत तुकडा तळहातावर घेतला, नावावरून अंगठा फिरवला. वाचता येत नव्हतं त्यांना. "माझंच नाव हाय व्हय?" असं विचारून हसले.

मग बसले. गारगोटीच्या धारेशी काळा कापूस अंगठ्याने दाबून धरला आणि तुकडा हाणला. टक्. काही नाही. पुन्हा टक्. आबा हाणत राहिले. एकही ठिणगी नाही.

"नवं हाय अजून," आबा म्हणाले. "हाताला बसू दे."

ऊन डोंगराच्या कडेला गेलं. आबांच्या कपाळावर घाम आला. हात बदलला, गारगोटी बदलली, कापूस बदलला. तुकडा तेवढा बदलला नाही.

"जुना कुठं हाय?" आत्याबाईंनी हळूच विचारलं.

जुना चिकलठाण्याला, आमच्या खोलीतल्या फळीवर होता.

यांचा चेहरा मला बघवेना. हे म्हणाले, "आबा, काडीपेटी देऊ का?"

"नाय रं. तुझ्या हातचं हाय, पेटंल की."

आत्याबाई उठल्या आणि लोकर कातरायची मोठी कातर आणून आबांसमोर ठेवली. आबांनी कातरीकडे पाहिलं, मग मुलाकडे आणि पुन्हा तोच तुकडा हाणला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कातरीच्या पाठीने ठिणगी पडते हे आबांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पोराला वाईट वाटेल म्हणून त्यांनी कातर मागितली नव्हती.

शेवटी हेच पुढे झाले. कातर उचलून आबांच्या हातात दिली. "ह्यानं करा, आबा. गंज लागू नये म्हणून मी स्टेनलेस घेतलं. ठिणगी नाय पडत त्याची. मला टर्नरला एवढं कळाया पायजे होतं."

"गंजत नाय ना?" आबा म्हणाले. "मग झालं तर. माझ्या मागंबी ऱ्हाईल." तुकडा पुसून त्यांनी बटव्यात ठेवला.

कातरीच्या पाठीचे दोनचार फटके बसले आणि कापसावर लाल ठिपका उमटला. आबांनी तो वाळल्या गवतात ठेवला, ओंजळीत धरला आणि झोपलेल्या लेकराच्या अंगावर फुंकर घालावी तसा फुंकला. धूर आला, मग जाळ. सूर्याची शेवटची कड असताना दूध उगवतीच्या अंगाने उतू गेलं आणि आत्याबाईंनी टाळ्या पिटल्या. ती भाकरी, ते दूध आणि मिरचीचा खर्डा यांची चव अजून जिभेवर आहे.

परतल्यावर यांनी जुना तुकडा कन्नडच्या जीपवाल्याबरोबर आबांना पाठवून दिला. मिलिंदला खरं ते सांगितलं तेव्हा तो कपाळावर हात मारून इतका हसला, की मशीन बंद करावी लागली.

मग वर्षं गेली. विद्यापीठाचं नाव बदललं, आता शहराचंही बदललं. आबा गेले, आत्याबाई बटवा घेऊन आमच्याकडे राहायला आल्या. एका संध्याकाळी यांनी तो उघडला. जुना तुकडा नखाएवढा उरला होता. नवा तसाच चकचकीत असेल असं आम्हाला वाटलं होतं. पण त्याची एक कड ओरखड्यांनी पांढरी झाली होती. आबांचं नावसुद्धा निम्मं पुसलं होतं.

"हे कशानं?" यांनी विचारलं.

"दर पाडव्याला पयला फटका ह्याचाच," आत्याबाई म्हणाल्या. "मी म्हणायची, अवो, पडत नाय त्याची ठिणगी. तर म्हणायचे, ठावं हाय मला. पोरानं केलंय, आधी ह्याला हाणू दे. मग जुनं घ्यायचे."

हे बराच वेळ त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवत बसले.