सुनंदाताईंचे शेरे

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून भांडी घासायला जाते. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणवत नाही... पण हे भरदुपारी माझ्या डोळ्यांदेखत घडलं, म्हणून लिहिते.

रिसोडला आमचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. मी यांची दुसरी बायको. पहिल्या सुनंदाताई तापाचं निमित्त होऊन गेल्या. दुकानाचं ॲप त्यांनीच भरायला घेतलं होतं – गिऱ्हाइकाचं नाव, गाव, मोटार आणि शेवटी शेरा. शेऱ्यात काय, तर "डाव्या कानानं कमी आयकू येते, उजवीकडून बोला.." नाहीतर "चहा बिनदुधाचा.." प्रत्येक शेऱ्यापुढे दोन टिंबं. हे तो शेरा वाचून तसाच चहा मागवणार, वर गालात हसणार. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट व्हायचा. गोड चहानं मला मळमळतं, हे मी चार वर्षं सांगतेय. तरी माझ्यापुढे रोज गोडमिट्ट कप.

यंदा ॲप फारच रेंगाळायला लागलं. नाव टाकलं की चक्र फिरतच राहायचं. केनवडचे एक काका म्हणाले, "बाई, माही मोटर त्या डब्यात सापडते, का विहिरीतच पाहू?"

मी ॲपवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, जुन्या नोंदी आर्काइव्ह करा. पुसल्या जात नाईत, नुसत्या बाजूले ठेवल्या जातात."

हे अनसिंगला मोटार बसवायला निघाले होते. जाता जाता म्हणाले, "सारं हलव, पण शेरे राहू दे. लोकाईची आठवण हाये त्यात."

लोकांची म्हणे! दुपारी बसले आणि शेऱ्यांवरही मुद्दाम टिचकी मारली. सवत गेली अडगळीत, असं मनात आलं, आणि बरं वाटलं.

ॲप पळायला लागलं. नवीन नोंद नीट होते का बघावं, म्हणून गिऱ्हाईक म्हणून स्वतःचंच नाव टाकलं. शेरा रिकामा ठेवला, सेव्ह केलं. परत उघडलं...

"चहा बिनसाखरेचा. गोडानं मळमळते. किती डाव सांगते बिचारी.."

दोन टिंबं. खाली नोंद करणाऱ्याचं नाव – सुनंदा. दुकानात मी एकटी होते. भीती वाटलीच, पण त्याहून जास्त ते 'बिचारी' झोंबलं.

ॲपवाल्यानं त्याच्याकडून तपासलं. "ते लॉगिन तर ताई गेल्या तवाच बंद केलं, वहिनी. उघडतच नाई ते." शिवाय सुनंदाताईंनी मला कधी पाहिलेलंही नव्हतं.

संध्याकाळी हे आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी दोनदा वाचलं.

"शेरे हलवले ना तू?"

"हो."

रागावले नाहीत. दारात जाऊन समोरच्या हॉटेलवाल्याला म्हणाले, "एक बिनसाखरेचा पाठव."

दुसऱ्याच दिवशी मी सगळे शेरे परत आणून ठेवले. ती नोंद कुणी केली, कशी केली, आजवर कळलेलं नाही. चहा मात्र तेव्हापासून एकदाही चुकला नाही. रोज हवा तसा कप समोर येतो, आणि रोज तेच सलतं. मी चार वर्षं तोंडानं सांगितलं ते यांच्या कानात शिरलं नाही, आणि तिनं एकदाच लिहिलं ते हे विसरत नाहीत.