शेवगा दिला, म्हातारा घेतला

गेल्या जुलैत, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, मी एक कोवळा पिचर देऊन एक म्हातारा बॅटर घेतला आणि माझ्या मुलीचा रविवारचा फोन बंद झाला. गोष्ट एवढीच आहे. पण मला कुठलीच गोष्ट एवढ्यात आटोपता येत नाही. घरात सांगावी तर तिथे आता एकच श्रोता उरलाय, आणि बायकोला ही गोष्ट माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. तेव्हा तुम्ही सापडलात.

आधी खेळ सांगतो. फँटसी बेसबॉल म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपापसांत वाटणी करून केलेल्या लुटुपुटीच्या टीम. तुमच्या वाट्याच्या बॅटरनं खऱ्या मैदानात होमरन, म्हणजे आपल्यातला छक्का, मारला किंवा बॉल फेकणाऱ्या पिचरनं कुणाला बाद केलं की इकडे सोफ्यावर तुम्हाला गुण मिळतात. घाम त्याचा, छाती आपली. आईबापांना हा प्रकार तसा नवीन नसतो.

अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावातली लीग मुलं मिडल स्कूलमध्ये असताना सुरू झाली. प्रत्येक टीम बाप आणि मूल मिळून चालवणार, असा नियम. मुलांशी बोलायला बापांकडे काहीतरी असावं, हा हेतू. हेतू कुणी बोलून दाखवला नाही, पण पहिल्याच बैठकीत सगळे बाप पोरांपेक्षा वेळेवर आले होते. पुढे मुलं कॉलेजांना पांगली, एकेकानं लीगचं ॲप फोनवरून उडवलं, आणि लीग म्हणजे रिकाम्या घरातल्या बापांचं भजनी मंडळ झालं. माझी मुलगी तेवढी टिकली. ती पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावी, मातीवर पीएचडी करत होती. पोरांनी मातीत हात घालू नयेत म्हणून आमच्या घराण्यात पिढ्या शिकल्या, आणि ही स्कॉलरशिप घेऊन पुन्हा मातीत उतरली.

दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा.

"हाय बाबा. हाऊ आर यू?"

"मी मस्त. तू?"

"गुड."

मग शांतता. आमच्या फ्रिजची घरघर तिला आणि तिच्या रूममेटच्या मिक्सरचा आवाज मला ऐकू येईल एवढी. आणि मग दोघांपैकी कुणीतरी म्हणायचं, "शेवगा काय म्हणतोय?" की पुढचा तास कुठे गेला ते कळायचं नाही.

शेवगा म्हणजे आमचा डावखुरा पिचर. त्याचं हे बारसं बायकोनं केलं. लॅपटॉपवर त्याचा व्हिडिओ चालू होता, ती मागून जाता जाता थबकली आणि म्हणाली, "अगंबाई, ही तर शेवग्याची शेंग." खरंच नुसते हात आणि पाय होते. हायस्कूलमधून नुकताच निघालेला, लीगमध्ये कुणाला त्याचं नाव ठाऊक नसताना मुलीनं त्याला हेरलं. आमच्या नियमानुसार अशी कोवळी पोरं वेगळ्या कप्प्यात ठेवता येतात. आम्ही त्याला रोपवाटिका म्हणायचो. तिथून एकदा रोप काढून मुख्य टीममध्ये लावलं की परत कुंडीत ठेवता येत नाही.

खऱ्या बेसबॉलमध्येही हाच घोर असतो. क्लब या पोरांना लहान लहान गावांतल्या टीममध्ये पायरीपायरीनं चढवतात. लवकर वर आणलं तर वरचे बॅटर त्यांना सोलून काढतात, आणि उशीर केला तर चांगली वर्षं बसच्या प्रवासात जातात. कधी आणायचं, यावर मोठमोठे लोक पगार घेऊन चुकतात. मी फुकट चुकायचो.

मुलगी त्याचे सामने बघायला जायची. पेनसिल्व्हेनियातल्याच एका छोट्या मैदानावर तो खेळायला आला की रूममेटला गाडीत घालून निघायची. मला व्हिडिओ पाठवायची. त्यात अर्धा वेळ समोरच्याच्या टोपीची मागची बाजू दिसायची.

"फास्टबॉल सुंदर आहे, बाबा. पण दुसरा बॉल अजून हातात बसला नाहीये. चेंजअपचा तो स्लो बॉल टाकताना त्याचा खांदा बॅटरला आधीच सांगून टाकतो. वर गेला तर दे विल ईट हिम."

"अगं पण त्याच्याबरोबरचे सगळे वर गेले."

"सो?"

या 'सो'ला माझ्याकडे उत्तर नसायचं. म्हणजे होतं, पण ते माझ्या जन्मतारखेत होतं. माझी जन्मतारीख एक जून आहे. खरा जन्म त्यानंतरच्या थंडीतला. शाळेत लवकर घालता यावं म्हणून वडिलांनी मास्तरांना एक जून सांगितली आणि मी फळ्याखालच्या लाकडी पट्टीला हात पोचायच्या आत पहिलीत गेलो. तुमच्यातल्या निम्म्यांची हीच कथा असणार. आमच्या ऑफिसात जूनच्या पहिल्या दिवशी एवढ्या मराठी लोकांचे वाढदिवस येतात, की केक आणणाऱ्या बाईंना हा आमचा राष्ट्रीय सण वाटतो. एक वर्ष वाचलं, असं वडील अभिमानानं सांगायचे. वाचवलेल्या त्या वर्षाचं पुढे काय केलं, ते मला आजतागायत सापडलेलं नाही. पण ज्याला वेळेआधी वर ढकललं जातं ना, त्याला दुसऱ्यानं सावकाश वेळ घेतलेला बघवत नाही. शेवगा खाली कुठल्यातरी गावात खांदा सुधारत बसलाय म्हटलं की मी महिने मोजायला लागायचो.

आता जे मला मागाहून कळलं ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा मूर्खपणा तुम्हाला पहिल्या रांगेतून बघता येईल. त्या वसंतात मुलीच्या गाईडनं तिला सांगितलं होतं, की काम चांगलं आहे पण अजून कच्चं आहे, एक वर्ष जास्त लागेल. तिनं ते आईला सांगितलं. मला कसं सांगायचं ते तिला कळेना. म्हणून तिनं ते काम शेवग्यावर सोपवलं.

"बाबा, सपोज शेवग्याला अजून एक वर्ष लागलं. मग?"

"मग काय? वर्ष वाया."

"वाया कसं? तो काहीतरी शिकतच असेल ना."

"शिकायलाही एक वय असतं गं. किती दिवस शिकणार?"

"पण तो चांगला आहे, बाबा."

"चांगला आहे म्हणून तर म्हणतोय. चांगल्यानं वर्ष वाया घालवलं की जास्त वाईट दिसतं."

हे वाक्य मला त्या दिवशी फार आवडलं होतं. संध्याकाळी बायकोलाही ऐकवलं. तिनं कणीक मळता मळता माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं, दाद देतेय.

जुलैत आमची टीम दुसऱ्या नंबरवर होती. एवढ्या वर्षांत आम्ही कधी पहिले आलो नव्हतो. आणि शेवटच्या नंबरवरच्या, मूळच्या नागपूरच्या मित्राचा मला एका सकाळी मेसेज आला, मागोमाग फोन. त्याला पुढच्या वर्षांची टीम बांधायची होती, आणि त्याच्याकडे एक म्हातारा बॅटर होता. म्हातारा म्हणजे बेसबॉलमधला. आमच्यात अशा वयाच्या मुलासाठी अजून स्थळं बघतात. पण होमरन मारायचा, धो धो.

"दे बे शेवगा," मित्र म्हणाला. "काय करून राहिला त्याचं? लोणचं घालतो का?"

"पोरगी नाही म्हणते."

"वहिनीला विचारून भाजी आणतो आन् पोरीला विचारून ट्रेड करतो. तू मॅनेजर हायेस का चपराशी?"

मी अर्धा दिवस तोललं. म्हातारा आज देणार, शेवगा कदाचित परवा. म्हाताऱ्याचे गुडघे गेलेले, शेवग्याचा खांदा चुगलखोर. ॲपमध्ये सौदा तोलून देणारं एक यंत्र आहे. त्यात दोघांची नावं टाकली तर पारडी जवळजवळ सारखी आली. मग मी तिसरी गोष्ट टाकली, जी यंत्रात टाकता येत नाही: यंदा कप जिंकला तर मुलगी खूश होईल. खरंच, माझ्या मनात तेच होतं. दुपारच्या मीटिंगमध्ये बटण दाबताना आपण तिच्यासाठी काहीतरी करतोय असं वाटून माझे डोळेसुद्धा जरा पाणावले. तेवढ्यात कुणीतरी माझं मत विचारलं आणि मी म्हणालो, "आय थिंक वी शुड गो अहेड."

तिचा फोन लगेच आला. रविवार नव्हता.

"तू त्याला ट्रेड केलंस?"

"अगं ऐक, आपला पहिला नंबर..."

"मी नो म्हटलं होतं, बाबा."

"नो म्हटलंस, पण कारण कुठे दिलंस? तो अजून दोन वर्षं असाच रेंगाळला तर? आपण किती थांबायचं?"

 मग म्हणाली, "ओके बाबा. गॉट इट." मला वाटलं, पटलं. मी खुशीत शीळ घालत गाडी काढली.

संध्याकाळी बायकोनं जेवणाच्या टेबलावर मला तिच्या जादा वर्षाचं सांगितलं.

"मग मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो.

"सांगत होती की. दर रविवारी. तू उत्तरंही देत होतास."

यापुढे शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी लगेच फोन केला, तिनं उचलला नाही. लांबलचक मेसेज लिहिला, "तुझं वेगळं, त्याचं वेगळं", आणि पाठवायच्या आधी पुसला, कारण वेगळं कसं ते मलाच लिहिता येईना. रविवार आला, फोन आला नाही. पुढचा आला, तोही तसाच गेला. मी ठरवलं, तिचा राग निवळू द्यावा. थोडं थांबावं. बघा, थांबायची अक्कल कुठे आली ती.

आणि मग घात झाला. म्हणजे मी बरोबर ठरलो. म्हातारा सुटला, होमरनवर होमरन, आम्ही पहिल्या नंबरवर. तिकडे शेवग्याच्या खऱ्या क्लबचे पिचर एकामागून एक जायबंदी झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी त्याला घाईघाईनं वर आणला. पोरगं पुरतं तयार नसताना जीव खाऊन फेकत राहिलं. खांदा चुगली करायचा, म्हणून कोपरावर जोर काढला. थोड्याच सामन्यांत कोपर गेलं. ऑपरेशन, आणि पुढचं अख्खं वर्ष बाहेर. ॲपनं माझ्या ट्रेडला 'ए' श्रेणी दिली. मित्राचा फोन आला, "जिंकला बे तू. डोळ्यांदेखत लुटलं."

त्या आनंदाच्या भरात मी मुलीला मेसेज केला: "बघ! शेवगा गेला कामातून. थोडक्यात वाचलो!!" दोन उद्गारचिन्हं होती. एक कमी असतं तरी चाललं असतं, असं आता वाटतं.

तिनं मेसेज वाचला. मग एक अंगठा आला. इथे वाढलेल्या मुलांचा तो अंगठा बघितलाय का तुम्ही? त्याच्यापेक्षा शिवी बरी. शिवीला निदान उलटून काही बोलता तरी येतं. दुसऱ्या दिवशी ॲपवर सूचना आली, की आपल्या टीममध्ये आता एकच मॅनेजर आहे.

आम्ही चॅम्पियन झालो. मित्राच्या बेसमेंटमध्ये समारंभ झाला, समोसे होते. प्लॅस्टिकचा कप देताना त्यानं विचारलं, "पोरगी कुठंय? व्हिडिओवर तरी बोलाव." मी म्हणालो, तिची परीक्षा आहे. पीएचडीवाल्यांना कसली परीक्षा, हे तिथल्या सगळ्या बापांना ठाऊक होतं. सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

थंडी पडायला लागल्यावर बायकोनं सांगितलं, की मुलीनं पीएचडी सोडली. माती तपासायच्या एका लॅबमध्ये नोकरी धरली, गाव बदलतेय.

"अगं पण गाईड म्हणाला होता ना, काम चांगलं आहे? एकच तर वर्ष होतं!"

"हेच मीही म्हटलं तिला," बायको म्हणाली. "ती म्हणाली, चांगल्यानं वर्ष वाया घालवलं की जास्त वाईट दिसतं."

माझं वाक्य. एका शब्दाचाही फरक नाही. तिचं मराठी कच्चं आहे अशी मी सगळीकडे तक्रार करत आलो होतो.

त्याच आठवड्यात मी नागपूरच्या मित्राला फोन केला. म्हटलं, म्हातारा परत घे, वर आणखी कोण हवा तो घे, शेवगा दे.

"अबे त्याचा हात गळ्यात हाय," तो म्हणाला. "फिरला का तू? आत्ता कप घेतला ना?"

"दे तू."

 त्याचा मुलगा टेक्सासला असतो आणि सणाला फोन करतो. "घेऊन जा," तो म्हणाला. "म्हातारा राहू दे तुझ्याकडं. असाच ने." पण फुकट ट्रेड ॲप करू देत नाही, म्हणून म्हातारा द्यावाच लागला. या सौद्याला ॲपनं 'एफ' दिला.

रविवारी सकाळी तिचा फोन आला. बायकोच्या मोबाइलवर, आता तिथेच येतो. मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि हातवारे करून म्हटलं, सांग ना तिला, सांग.

"अगं, बाबा सांगतोय, त्यानं शेवगा परत आणला."

बायको ऐकत राहिली. मी फ्रिजची घरघर ऐकली. मग तिनं मोबाइल जरासा बाजूला केला.

"बरं, म्हणाली."

आणि त्या दोघी पुन्हा तिच्या नव्या खोलीतल्या हीटरबद्दल बोलायला लागल्या.