आठही चौकोन उजळलेले

माझी एक जुनी विज्ञानकथा, एका दिवाळी अंकातली, आता पुस्तकात येते आहे. सोबत ‘कल्पना कशी सुचली’ यावर प्रकाशकांना दोन शब्द हवे आहेत. आजवर या प्रश्नाला मी खोटे उत्तर देत आलो.

कथेत चौकोनांचा एक अफाट पट आहे. प्रत्येक चौकोन फक्त आपल्या आठ शेजाऱ्यांकडे पाहतो आणि उजळायचे की विझायचे ते ठरवतो. याला सेल्युलर ऑटोमाटा म्हणतात. हल्ली सिनेमातल्या शास्त्रज्ञाच्या पाठीमागे पडद्यावर काहीतरी लुकलुकत ठेवायचे असले की हेच ठेवतात. माझ्या नातवाच्या टी-शर्टवरही ते आहे. माझ्या कथेत शेजारचे चौकोन एकेक करून विझतात आणि मधला एकटा पडून मरतो. वाचक हळहळले. संगणकयुगातला एकटेपणा मी आधीच ओळखला, असेही कोणी लिहिले. मी ते कौतुक घेतले.

मधला चौकोन म्हणजे आमच्या शेजारची वाडी. शेजाऱ्याने वाडीतून जाणारी पायवाट बंद केली, गावकीपुढे माफी मागायला नकार दिला आणि तो कोर्टात गेला. गावाने त्याला वाळीत टाकले. गिरणीत त्याचे दळण घेईनात, सुपारी उतरवायला माणूस मिळेना. आमच्या दोन वाड्यांच्या मधल्या कुंपणाला बांबूचे बेडे होते, येण्याजाण्याचे छोटे फाटक. ते मी काथ्याने बांधून टाकले. मला तसे कोणी सांगितलेही नव्हते.

त्याची आई वारली. खांद्याला चौघे हवेत. तो, त्याचा भाऊ, मेहुणा, आणि चौथी त्याची शाळकरी मुलगी. तिच्या बाजूने तिरडी कलत होती. मी पडवीतून पाहिले आणि आत गेलो. कथा त्यानंतर लिहिली. पुढे ते वाडी विकून मुंबईला गेले.

व्याख्यानांत मी सांगत असे: या पटावर दोषी कोणीच नसतो, जो तो नियम पाळतो. टाळ्या पडत.

गेल्या हिवाळ्यात तळा गावच्या व्याख्यानातही हेच बोललो. नंतर पन्नाशीची एक बाई पुढे आली.

“काका, ओळखलंत? कुंपणापलीकडची.”

“केवढी मोठी झालीस!” माझ्या तोंडून निघून गेले.

“मग? एवढी वर्षं तिरडी घेऊनच उभी राहणार होते का?” ती हसली. “गोष्ट छान आहे हो. पण शेजारी विझवलेत कशाला? आमच्या चहूबाजूंना सगळं नीट चाललेलं होतं. तुमच्याकडे तर त्या दिवशी रेडिओ लागला होता.”

रेडिओ मीच लावला होता. रडणे ऐकू येऊ नये म्हणून.

या खेळात दुसराही एक नियम आहे. फार शेजारी जिवंत असले तरी मधला मरतो, गर्दीने. माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराला तो ठाऊक नसेल कसा? पण तो लिहिला असता तर मारणारे दिसले असते. आणि चौकोनाला नियम मोडता येत नाही. मला बेड्याची गाठ सोडता येत होती.

शेवट बदलून पाठवला आहे. आता आठही चौकोन लखलखीत असताना मधला विझतो. त्याच्या उजवीकडचा मी.

प्रकाशक फोनवर म्हणाले, “सर, आधीचा शेवट जास्त हृद्य होता.”

होताच. मला वाचवायला लिहिला होता तो. म्हटले, तोच हवा असेल तर गोष्ट छापू नका.