दातात राहिलेलं पाणी

आंबोली घाटाखालच्या थडग्यांबद्दल गेल्या उन्हाळ्यात तहसील कार्यालयात सुनावणी झाली. तिथे बाईंनी आपल्या अहवालात ‘परके’ हा शब्द घालायला नकार दिला.

मालवणात त्यांना सगळे दातवाली बाई म्हणत. त्या दातांच्या डॉक्टर नव्हत्या. फार पूर्वी मेलेली माणसं लहानपणी कुठलं पाणी प्यायली, हे त्या त्यांचे दात यंत्रात तपासून शोधत. कुणी शंका काढली की उत्तर ठरलेलं: “दाताक इचारा, माका नको.”

घाटाखाली दगडांचे काही ढीग आहेत. धनगर त्यांना आपल्या पूर्वजांची थडगी मानतात. गावाला ती हलवून तिथे पर्यटकांच्या गाड्यांसाठी वाहनतळ करायचा होता, म्हणून आधी बाईंकडून तपासणी. आपल्या तांबड्या मातीत हाडं टिकत नाहीत, हे तुम्हीही पाहिलं असेल. बाईंना माणसांचे आणि मेंढ्यांचे दात तेवढे मिळाले.

तुलनेसाठी त्यांना गावातल्या मुलांचे दुधाचे दात हवे होते. पण पडलेला दात आपल्याकडे कौलांवर टाकतात. एका घरी मी बातमीसाठी सोबत होतो. बाईंनी विचारलं, “शिडी खंय आसा?”

घरची म्हातारी म्हणाली, “गो बाये, दात उंदराक दिलो. आता तेच्याकडसून मागतलंस?”

बाई पदर खोचून चढल्या. कौलं सरकवली, म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या आणि दात घेऊनच उतरल्या.

सरपंचांनी मात्र नातवाचा दात स्वतः आणून दिला. “घेवा. अस्सल ह्या मातयेतलो!”

तो दात गावातल्या कुठल्याच दाताशी जुळेना. चौकशीत कळलं, नातू मुंबईत जन्मला होता आणि चालायला लागल्यावर गावी आला होता. सरपंचांनी ते लपवलं नव्हतं. मूल मुंबईत जन्मलं तरी गावचंच. यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

थडग्यांतल्या दातांनी वेगळंच सांगितलं. दात थराथराने वाढतो. मेंढीच्या एकाच दातात आधी घाटमाथ्याचं पाणी, मग कोकणातलं, मग पुन्हा घाटमाथ्याचं. माणसं जन्मली होती वर, पण त्यांच्या उशिरा आलेल्या दाढांत दोन्हीकडचं पाणी होतं. दिवाळीनंतर खाली, पावसाआधी वर. आजचे धनगरही याच वाटेने येतात-जातात.

सुनावणीत सरपंच कार्यालयाच्या मराठीत बोलले. “ही माणसं इथली नव्हती, हे बाईंनीच सिद्ध केलं आहे. परक्यांची थडगी गावाने का सांभाळावीत?”

मागून एक धनगर आजी म्हणाली, “खतासाठी श्यातात मेंढरं बसवाया बोलावतासा, तवा न्हाई वाटत परकी?”

तहसीलदारांनी बाईंना विचारलं, “तसं स्पष्ट लिहून द्याल का?”

“नाही. दरवर्षी येणाऱ्याला परका म्हणायची सोय माझ्या यंत्रात नाही.”

सरपंच मालवणीवर आले. “अगो, पण जन्माक खंय इले? घाटार ना?”

“तुमच्या नातवाच्या दातात मुंबयचा पाणी आसा, सरपंचांनू. तेका पण हलवूया?”

कार्यालय हसलं. सरपंच उभे राहिले. “तो माझो नातू आसा!”

“आणि ते ह्या आजयेचे आजे.”

त्या शब्दासाठी वरिष्ठांचेही फोन आले. बाईंनी अहवाल होता तसा पाठवला. त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवून मिळाली नाही.

जाण्याआधी त्या मासळी बाजारात बांगडे निवडताना दिसल्या. मी म्हणालो, “एका शब्दासाठी नोकरी घालवलीत, बाई.”

“दिवाळीनंतर ती आजी खाली येतली,” बांगड्याचा कल्ला उघडून बघत त्या म्हणाल्या. “तिका काय दाखवतलंय? गाडयो?”

त्यानंतर त्या मालवणात दिसल्या नाहीत. वाहनतळाचा निर्णय अजून झालेला नाही. दिवाळीनंतर धनगर घाट उतरले. त्यांचा पहिला मुक्काम दगडांच्या ढिगांशेजारी पडला. आजी त्यांच्यात होती.