पंगत तेवढी ठेवा

"कुणाला काढायचं, बोला." गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत भाईजान एवढंच विचारायचे. नवा माणूस दचकायचा. जुना मात्र लगेच नावं सांगायला लागायचा.

लातूरला ते आमच्या शेजारी राहायचे. आता ते नाहीत. आधी लग्नांचं शूटिंग करायचे. पुढं मुलासाठी कॉम्प्युटर घेतला, मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर मागं राहिला. मग भाईजान त्यावर लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी सीडीवर उतरवून देऊ लागले. नांदेडपासून गिऱ्हाईक यायचं. पण एका सीडीत तासाभराचंच मावायचं, आणि लग्न असायचं तीन तासांचं. काहीतरी काढावंच लागे.

लोकांची त्यानं फार सोय झाली. क्लासेसमुळं तेव्हा जागांना सोन्याचा भाव आला होता आणि सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. एक जण म्हणाला, "थोरल्याला काढा. प्लॉट खाल्ला त्यानं."

"काढतो की," भाईजान म्हणाले. "पण तुम्ही नवरदेव, त्याच्याच खांद्यावर बसून नाचून राहिलाव. तुम्हालाबी काढू का?"

तो विचारात पडला. शेवटी दोघंही राहिले.

एका गोष्टीवर मात्र सगळ्या भावांचं एकमत असायचं. पंगत काढा. दुसऱ्यांना जेवताना कोण बघतं? तुमच्या घरातल्या लग्नाच्या सीडीत पंगत आहे का, बघा. बहुतेक नसणार.

त्यांच्या बीबींना या धंद्याचा राग होता. सगळी गल्ली क्लासच्या पोरांना खोल्या देत होती, मीही त्या पोरांचे डबे करत होते. "इस कमरे में तीन खाटां बैठते," त्या दारातून ऐकवायच्या.

"बैठने दो," भाईजान म्हणायचे. "पहले ये बरात तो उठने दो."

बाईमाणूस एकटी आली की ते भिंतीपलीकडून मला हाक मारायचे, "ताई, जरा येऊन बसा." परक्या पुरुषाच्या खोलीत तिला अवघडू नये म्हणून. खरं तर तिच्यापेक्षा मीच अवघडायचे. खाली मान घालून मेथी निवडायचे. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ ती उतरवायला लागे. त्यामुळं जिल्ह्यातली कितीतरी लग्नं मी मेथी निवडत ऐकली आहेत, पाहिलं एकही नाही.

एकदा भूकंपातल्या गावची एक बाई आली. तिच्या दिराच्या लग्नाची कॅसेट होती, भाईजाननीच शूटिंग केलेली. घर पडलं, घरातली माणसं गेली. कॅसेट तेवढी तिच्या माहेरी जळकोटला होती म्हणून वाचली. कॅसेटवर पांढरी बुरशी चढली होती.

सवयीनं भाईजानच्या तोंडून "कुणाला" एवढं निघालं आणि त्यांनी जीभ चावली.

"नवरानवरीला काढा," बाई म्हणाली. "पंगत तेवढी ठेवा."

"पंगत?"

"मालक वाढायला होते. त्यांचा एक फोटोबी राहिला न्हाई. तोंड बघायचंय."

भाईजान उठून माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "ताई, आम्ही जेवणाऱ्यांची तोंडं घ्यायचो. वाढप्याकडं कॅमेरा कोण धरतंय?"

तिला मात्र एवढंच म्हणाले, "ही एकदाच चालंल. पुढचा भरोसा न्हाई."

"एकदा चालली तर बास."

त्यांनी बुरशी पुसली, कॅसेट पुढं सरकवून लावली. आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग पंगत. बाया पदर ओढून घेत होत्या, एक म्हातारा लाडू तोंडात धरून मान फिरवत होता. वरून एक हात यायचा, वरण वाढायचा, निघून जायचा.

"ह्यो त्यांचा हात," बाई म्हणाली.

पुन्हा हात. बादली. पायजम्याचा पाय. तोंड कुठंच नाही. माझी मेथी बाजूला राहिली. पंगत उठायला आली तरी तोंड नाही. भाईजान तिच्याकडं बघेनात.

तेवढ्यात पडद्यावर एक माणूस थांबला. हातात बादली, कपाळावर घाम. सरळ आमच्याकडं बघून म्हणाला, "ओ कॅमेरावाले, मघापासून समद्यांची तोंडं घेऊन राहिलाव. तुमी जेवलाव का?"

बाईनं तोंडावर हात ठेवला.

पडद्यावरचं चित्र कललं. मांडवाचं कापड दिसलं, मग माती, मग चपला. भाईजान कॅमेरा बंद न करताच खाली ठेवून जेवायला बसले होते. असलं शूटिंग ते सगळ्यात आधी फेकायचे. त्यांचा हात माउसकडं गेला.

"राहू द्या," बाई म्हणाली.

पडद्यावर नुसती माती. वरून आवाज येत होता. "बसा हितंच. भात घ्या. लाजू नका, घरचंच हाय."

"असंच करायचे," बाई म्हणाली. ती हसत होती. "माणसाला उठूच द्यायचे न्हाईत."

"घ्या की अजून," आवाज म्हणाला.

कॉम्प्युटरपुढं बसलेल्या भाईजाननी दोन्ही तळहात समोर आडवे धरले, भरल्या पत्रावळीवर धरतात तसे.