दारं न उघडणारं शहर

चाळिशी उलटलेला, अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवणारा माणूस रविवारच्या दुपारी कॉम्प्युटरवर गाड्या पळवतो, हे लातुरात कोणाला सांगायची सोय नाही. आमच्या रस्त्यावर क्लासच्या पाट्यांमागं घरं दिसत नाहीत. पोरांना 'मोबाईलला हात लावायचा नाही' म्हणून दम देणारा सर स्वतः गेम खेळतो म्हटल्यावर पालक काय म्हणतील, ही बायकोची काळजी. म्हणून मी दार लावून खेळतो.

तो गेम मला का आवडतो हे मलाही नीट सांगता येत नाही. एक मोठं शहर आहे, भोवती डोंगर, पलीकडं समुद्र, आणि कुठंही जायला मोकळीक. कोपऱ्यात नकाशा असतो, त्यावर पिवळा बाण असतो, 'इकडं जा, ही शर्यत जिंक' म्हणून सांगत असतो. मी बाणाकडं पाठ फिरवून गाडी सोडतो. आठवडाभर सकाळची बॅच, दुपारची बॅच, रविवारी सकाळी टेस्ट. पोरांनाही मी दोन वर्षं तसाच बाण दाखवत असतो. तो न ऐकण्यात एवढं सुख असेल असं वाटलं नव्हतं. समुद्राकडच्या रस्त्याला लागलं की डोकं रिकामं होतं.

पण शिकवायची खोड जात नाही. घर्षण नावाची गोष्ट तो गेम करणाऱ्यांनी ऑप्शनला टाकली असावी. गाडी वळणावर साबणासारखी घसरते आणि डोंगरावरून पडली तरी चार चाकांवर उभी राहते. मागं वळून बघावं तर आत्ता मागं असलेला ट्रक गायब. आणि एक जागा अशी आहे की तिथं रस्ताच गाडी गिळतो. गाडी डांबरातून खाली जाते, निळ्या पोकळीत पडत राहते, आणि मग गेम तिला उचलून परत रस्त्यावर ठेवतो, जणू काही झालंच नाही.

हे सगळं आठवायचं कारण माय. वडील गेल्यापासून ती गावाकडं एकटीच राहायची. एक दिवस चुलतभावाचा फोन आला. "दादा, काकूचं जरा बघा. परवा परत दुसऱ्याच्याच घरात जाऊन बसली. वाट चुकले म्हणती. लोकं बोलायलेत."

मी घाबरलो. दुसऱ्याच दिवशी तिला लातूरला आणलं. नांदेडच्या बहिणीनं तिथून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. मेंदूच्या डॉक्टरला दाखव, एकटी ठेवू नको, घराला कुलूप लाव. पैकी डॉक्टरचं ऐकलं आणि मायला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, आज कोणता वार?" माय म्हणाली, "डाक्टरसायेब, इतकं शिकलाव, अन् वार मला इचारता?" मग वार, महिना, तिथी, सगळं सांगितलं. डॉक्टर हसले. म्हणाले, आत्ता तर काही दिसत नाही, पण लक्ष ठेवा, वाढलं तर एकटं ठेवू नका. म्हणजे काय वाढलं तर, हे मला समजलं नाही. आजार आहे की नाही? तिला गावी परत पाठवायचं की नाही? तिचं घर बंद करायचं ठरलं तर तिला सांगायचं कोणी?

तशात रविवार आला. माय माझ्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि स्क्रीनकडं बघायला लागली.

"कुणीकडं चाललास?"

"कुठं न्हाई. उगं फिरायलो."

"उगं कसं? डिझेल जळत न्हाई का?"

"ह्यात डिझेल लागत न्हाई, माय."

"मंग चाल की. थांबलास कशाला?"

थोड्या वेळानं तिनं पिवळ्या शर्टाचा एक माणूस पकडला. "ह्यो बाबा मघाशी पुलापाशी होता. इकडं कधी आला?" मी इतके महिने खेळतो, मला कधी दिसलं नव्हतं. गेमवाल्यांनी मोजकीच माणसं बनवून गावभर पेरलेली. त्यानंतर तर ती मला रस्ते सांगायला लागली. "आता उजवीकडं घे, पाण्याची टाकी लागंल." उजवीकडं घेतलं, टाकी आली. मी मुद्दाम नकाशा बंद केला आणि विचारलं, विमानतळ कुणीकडं? तिनं वळणा-वळणानं मला तिथं नेऊन उभं केलं. मी तिच्याकडं बघतच राहिलो. जिला परक्या देशातलं खोटं शहर एका दुपारी पाठ होतं, तिला स्वतःचं घर कसं सापडत नाही?

त्याच नादात मी त्या गिळणाऱ्या जागेवर गाडी घातली. गाडी खाली गेली आणि मायनं माझा दंड धरला. तिची नखं रुतली. भूकंपाच्या वर्षी मी इथंच लातुरात अकरावीला खोली करून होतो. गावातलं आमचं घर बसलं, माय-वडील रानात निजले होते म्हणून वाचले. त्या पहाटेबद्दल ती माझ्याशी कधी बोललेली नाही. गाडी परत रस्त्यावर आली तेव्हा ती म्हणाली, "आन परत आली बी?" मला स्वतःची लाज वाटली आणि मी गाडी दुसरीकडं वळवली.

एका घराच्या खिडकीत दिवा होता. माय म्हणाली, "हितं थांब. कुणीतरी असंल."

मी सगळी बटणं दाबून पाहिली. गाडीनं दाराला धडकही दिली. बंपर चेपला, दाराला ओरखडा नाही. "दारं नुसती रंगवलेली हायत, माय. आत कुणी न्हाई."

"एवढं मोठं गाव केलं, अन् टेकायला एक घर न्हाई? येडेच हायत." असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली, ती पुन्हा त्या गेमकडं फिरकली नाही.

दोन-चार दिवसांत तिनं गावी जायचा हट्ट धरला. मी ठरवलं की तिला घेऊन जायचं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. चुकली तर तिथूनच घराला कुलूप लावून परत आणायचं. निलंग्याकडं गाडी चालवताना मी हेच घोकत होतो. माय मागच्या सीटवर खुशीत होती, उसाच्या फडांकडं बघत.

आमचं नवं गाव भूकंपानंतर जुन्या गावापासून लांब, माळावर वसवलेलं. सरळ रस्ते, एकेका ओळीत एकाच मापाची घरं. घरं वाटली ती ज्याच्या-त्याच्या जमिनीच्या मानानं, लहान घरांच्या ओळी वेगळ्या, मोठ्यांच्या वेगळ्या. त्यामुळं जुन्या गल्लीतले शेजारी एक या टोकाला, एक त्या टोकाला. तिथं राहायला गेलो त्या वर्षी सगळं गावच वाट चुकायचं. माणूस आपलं समजून दुसऱ्याच्या घरात शिरायचा, खुंटीला टोपी अडकवायचा, आणि मग घरातली बाई हसायची. ओशाळलेल्या माणसाला तसंच कसं घालवायचं म्हणून ती च्या ठेवायची. ती रीतच पडली. चुकून आलेल्याला च्या पाजल्याशिवाय कोणी सोडत नसे. पुढं लोकांनी घरं रंगवली, कुंपणं घातली, पोरं पुण्या-मुंबईकडं गेली, आणि चुकणं बंद झालं.

गावात शिरताना मी गाडी हळू केली. "माय, आपलं घर कुठलं, तू सांग. मी न्हाई सांगणार."

"का? तुला ठाव न्हाई?"

"तू सांग तर."

"पुढच्या बोळानं घे. हां. आता डावीकडं. ह्यांनी नवा रंग दिला बघ, कसला भडक हाय. अजून पुढं. थांब. हे आलं."

बरोबर आमच्या दारापुढं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण डोकं आणखीनच फिरलं. गाडी बंद केली आणि मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "मंग चुकतीस कशी? डाक्टर झाला, नांदेड झालं. जीव टांगणीला लावलास आमचा. लोकाच्या घरात का जाऊन बसतीस?"

तिनं आधी बोळात दोन्हीकडं बघितलं. कोणी नव्हतं.

"चुकत न्हाई मी," ती म्हणाली. "दुपार लई मोठी असती, बाबा. वाट चुकले म्हटलं की बसा म्हणतेत, च्या ठेवतेत, चार गोष्टी बोलतेत. करमंना म्हणून आले म्हटलं, तर पयलं इचारतेत, लेक कुठं हाय तुमचा. मंग तुला नावं ठेवतेत. त्यापरीस चुकलेलं बरं."

एवढं बोलून तिनं कमरेची किल्ली काढली आणि गाडीतून उतरली.